'अ एस' की 'ॲन एस'? चिन्हांबद्दल इंग्रजीत लिहिताना तीच चूक परत परत का होते

तक्रार नेहमीची आहे. मुलाला विज्ञान कळलेलं असतं, आकृती नीट काढलेली असते, गणिताचं उत्तरही जुळलेलं असतं. पण त्याच आकृतीतल्या एका खुणेबद्दल इंग्रजीत दोन ओळी लिहायला सांगितल्या की पेन थांबतं. मग जे उमटतं ते असं:

'राइट अ एस इन द बॉक्स.'
'पुट द एस लेटर.'
'आर इज अ सिम्बॉल ऑफ रेझिस्टन्स.'
'फाइंड द व्हॅल्यू ऑफ द एक्स.'
'इनसाइड ए रिटन सर्कल इज ॲमीटर.'

मी मुंबईत करी रोडला नववी-दहावीच्या मुलांची संध्याकाळची शिकवणी घेते. बहुतेक मुलं सेमी इंग्रजीची, म्हणजे शाळा मराठी माध्यमाची पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. वरची वाक्यं मी इतक्या वह्यांत पाहिली आहेत की ती आता कुणा एकाची चूक राहिलेली नाहीत. आणि ही मुलं निष्काळजी आहेत असं कुणी म्हटलं तर मला ते पटणार नाही. मराठीत आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारं 'अ', 'ॲन' किंवा 'द', हा प्रकारच नाही. 'फळ्यावर अधिकचं चिन्ह आहे' एवढं म्हटलं की काम होतं. ते कुठलंही एक चिन्ह आहे की मघाशी सांगितलेलं तेच, हे आपल्याला संदर्भावरून कळतं. त्यामुळे इंग्रजी वाक्य तयार झाल्यावर आर्टिकल वरून कोथिंबिरीसारखं भुरभुरायची सवय लागते.

अडचण अशी की या पाच वाक्यांत पाच निरनिराळे बिघाड आहेत. पाचांवर 'आर्टिकल चुकलं' हा एकच शेरा मारला तर पुढच्या आठवड्यात तीच वाक्यं परत येतात. म्हणून एकेक बिघाड सुटा करून पाहू.

वाचण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या: खाली इंग्रजी उदाहरणं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. 'अ' आणि 'ॲन' ही एका, कुठल्याही वस्तूआधीची आर्टिकलं. 'द' ठरावीक वस्तूसाठी. आणि 'ए' दिसला की ते इंग्रजी मुळाक्षरांतलं पहिलं अक्षर समजायचं.

'अ' की 'ॲन': डोळ्यांनी ठरवलं की फसतं

पाचवी-सहावीत मुलांच्या डोक्यात एक नियम बसतो: ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांआधी 'ॲन', बाकीच्यांआधी 'अ'. आंबा, सफरचंद, छत्री यांच्यापुरता तो चालून जातो. पण चिन्हांपाशी आल्यावर हमखास मोडतो, कारण इथे आपण अक्षराने सुरू होणारा शब्द सांगत नसतो, अक्षराचं नावच सांगत असतो. एस हे व्यंजन खरं, पण त्याचं नाव 'एस' असं स्वराने सुरू होतं. यू हा स्वर खरा, पण त्याचं नाव 'यू', म्हणजे सुरुवातीला य. इंग्रजीत 'अ' की 'ॲन' हे कानाला ऐकू येणारा पहिला आवाज ठरवतो. स्पेलिंगला तिथे काही मत नाही.

लोकलच्या इंडिकेटरवर फास्टसाठी एफ आणि स्लोसाठी एस असतो. रोज बघायची गोष्ट, म्हणून मी पहिलं वाक्य त्याचंच करून घेते: 'ॲन एफ मीन्स अ फास्ट ट्रेन, ॲन एस मीन्स अ स्लो ट्रेन.' एकाच वाक्यात 'ॲन एफ' आणि 'अ फास्ट', दोन्हीकडे लिहायला अक्षर तेच. हे वाक्य पाठ झालं की निम्मी भीती जाते.

आता दुरुस्ती. आपल्याकडे एक हत्यार आहे, जे खुद्द इंग्रजांच्या मुलांकडे नाही: देवनागरी. इंग्रजी स्पेलिंग आवाज लपवतं, देवनागरी तो उघड करते. शंका आली की चिन्हाचं किंवा अक्षराचं नाव देवनागरीत लिहायचं आणि पहिलं अक्षर बघायचं. स्वर असेल, म्हणजे अ, ॲ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, ऑ, औ यांतला कुठलाही, तर 'ॲन'. व्यंजन असेल तर 'अ'. एवढंच.

करून पाहा. एच, स्वर, 'ॲन एच'. एक्स, 'ॲन एक्स'. आर, 'ॲन आर'. यू, व्यंजन, 'अ यू'. डब्ल्यू, 'अ डब्ल्यू'. वाय, 'अ वाय'. २६ अक्षरं अशी लिहून काढली की १२ अक्षरांना 'ॲन' लागतो: ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. उरलेल्या १४ अक्षरांना 'अ'. ही यादी पाठ करायची गरज नाही, पण वहीच्या शेवटच्या पानावर एकदा स्वतःच्या हाताने काढावी असं मी सगळ्यांना सांगते.

आकड्यांनाही हाच न्याय. एट, इलेव्हन, एटीन, एटी हे स्वराने सुरू होतात. म्हणून झवेरी बाजारातल्या पाटीवर इंग्रजीत लिहायचं तर 'ॲन १८-कॅरेट रिंग', पण 'अ २२-कॅरेट रिंग'. आणि १ चं नाव 'वन', सुरुवात व ने, म्हणून 'अ १'.

संक्षेपांतही तेच, आणि मुंबईत तर त्यांचा तुटवडा नाही. 'ॲन एमएमआरडीए प्रोजेक्ट', पण 'अ म्हाडा फ्लॅट'. रोमन लिपीत दोन्ही एमनेच सुरू होतात. मात्र पहिल्यात आपण अक्षरं सुटी उच्चारतो आणि दुसऱ्यात सलग शब्द. 'ॲन एफआयआर', 'ॲन एनओसी', 'ॲन एसएससी सर्टिफिकेट'. 'अ यूपीआय पेमेंट', 'अ बेस्ट बस'.

चिन्हांची नावं याच गाळणीतून काढा. ॲस्टरिस्क, ॲम्परसँड, अपॉस्ट्रॉफी, ॲरो, इक्वल्स साइन, एक्स्क्लमेशन मार्क, अंडरस्कोअर, ॲट साइन, ओमेगा, ईटा: सगळ्यांना 'ॲन'. हायफन, हॅश, कॉमा, प्लस साइन, टिल्डे, थीटा, रो, म्यू: सगळ्यांना 'अ'. युरो साइन हे मुलांना चकवणारं. स्पेलिंग ई ने सुरू होतं पण नाव 'युरो', म्हणून 'अ युरो साइन'. (ॲम्परसँड या नावाची गंमत सांगितली की मुलं ते विसरत नाहीत. '&' ही खूण लॅटिनमधल्या 'आणि' या अर्थाच्या 'एत' या शब्दाची दोन अक्षरं जोडून बनली. इंग्लंडातली मुलं मुळाक्षरं म्हणताना शेवटी ती खूणही म्हणत, 'अँड पर से अँड' अशी. घाईघाईत म्हणता म्हणता त्याचंच ॲम्परसँड झालं.)

तरीही 'अ एस' का येतं

इथे खरी गाठ आहे, आणि ती मला एका विद्यार्थिनीमुळे कळली. देवनागरीची युक्ती शिकवून झाली होती आणि तरी तिच्या वहीत तिसऱ्यांदा 'अ एस' आलं होतं. मी विचारलं तर ती म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणालात आवाज ऐक. मी ऐकला. येस. सुरुवातीला य आहे ना?"

तिचं बरोबर होतं. ती ऐकत होती, नीट ऐकत होती. फक्त तिच्या कानावर जे येत होतं ते मराठी होतं. आपण लिहितो 'एक' आणि म्हणतो 'येक'. शब्दाच्या सुरुवातीच्या ए ला मराठी जिभेवर हलका य चिकटतो, तसाच ओ ला व: 'ओठ' चा 'वोठ' होतो. हीच जीभ इंग्रजी अक्षरांना लागली की एस चा येस होतो, एम चा येम, एल चा येल, ओमेगाचा वोमेगा. आमच्या घरी जुनी माणसं 'यसेस्सी झाला' आणि 'यलायसीत लागला' असंच म्हणायची. ज्याच्या कानात य वाजतो त्याला 'अ येस' हेच नियमाप्रमाणे वाटणार. म्हणजे नियम शिकवूनही चूक टिकते ती नियम कळला नाही म्हणून नव्हे, तर तो चुकीच्या आवाजाला लागतो म्हणून.

यावर उपाय संधीचा. मुलांना संधी येतोच. 'ॲन' मधला न पुढच्या स्वराला जोडून एका दमात म्हणायचं: ॲनेस. ॲनेफ. ॲनेम. ॲनार. ॲनेक्स. ॲनोमेगा. न स्वराला धरून बसला की मधे य शिरायला जागाच राहत नाही. 'ॲन' आणि 'एस' यांत थांबलात की य परत येतो, म्हणून थांबायचं नाही. सात-आठ वेळा मोठ्याने म्हटलं की 'अ एस' हे तोंडालाच बोचायला लागतं.

हे काही मी रचलेलं सोंग नाही; 'ॲन' इंग्रजीत आहे तो याच कामासाठी. मुळात 'ॲन' हेच जुनं रूप आणि ते 'वन' याच शब्दाचं भावंड; म्हणजे आपला 'एक'च. व्यंजनापुढे त्यातला न गळत गेला आणि 'अ' उरला. स्वरापुढे न टिकला, कारण तिथे तो दोन स्वरांना जोडतो. 'अ' ला न लावायचा असं मुलांना वाटतं. खरं तर तो मुळातच होता आणि काही ठिकाणी राहिला.

देवनागरीची युक्ती दोन जागी दगा देते, तेही सांगायला हवं. वर्ष या अर्थाचा शब्द आपण 'इयर' असा लिहितो, पण इंग्रजीत त्याच्या सुरुवातीला य चा आवाज आहे. म्हणून 'अ इयर'. कानासाठीचा शब्द मात्र स्वराने सुरू होतो, 'ॲन इअर'. हे दोन शब्द डोळ्यांसमोर शेजारी ठेवून शिकावेत, दुसरा मार्ग नाही. दुसरी जागा एच ची. काहीजण त्याचं नाव 'हेच' असं घेतात आणि त्यांच्या तोंडी 'अ हेच' चूक नाही. शाळेच्या कामात मात्र 'एच' धरा आणि 'ॲन' लावा.

आणि एक सापळा, जो हुशार मुलांना हमखास पकडतो. आर्टिकल चिन्हाशी जुळत नाही, लगेच पुढे येणाऱ्या शब्दाशी जुळतं. 'ॲन एस', पण 'अ कॅपिटल एस'. 'अ टी', पण 'ॲन अपसाइड-डाउन टी'. मेल-एक्स्प्रेसच्या शेवटच्या डब्यामागे मोठा पिवळा एक्स रंगवलेला असतो, गाडी पूर्ण गेली हे कळावं म्हणून. त्याचं वर्णन: 'देअर इज ॲन एक्स ऑन द लास्ट कोच.' रंग घातला की 'अ यलो एक्स'. एक्स तोच, आर्टिकल बदललं.

'द एस लेटर' आणि त्याचे भाऊबंद

हा बिघाड क्रमाचा आहे. मराठीत आपण 'एस हे अक्षर' म्हणतो, 'ओहमचं चिन्ह' म्हणतो. नाव आधी, जात नंतर. इंग्रजीत दोन गट आहेत आणि ते विरुद्ध दिशेने चालतात. लेटर, नंबर, वर्ड हे शब्द आधी येतात: 'द लेटर एस', 'द नंबर एट', 'द वर्ड ॲन'. साइन, मार्क, की हे शब्द मागून येतात: 'द प्लस साइन', 'अ क्वेश्चन मार्क', 'द हॅश की'. सिम्बॉल दोन्हीकडे बसतो, पण नाव घेतलं तर मागे, 'द रुपी सिम्बॉल', आणि खूणच कागदावर दाखवली तर पुढे, 'द सिम्बॉल ₹'.

मुलं 'क्वेश्चन मार्क' कधी चुकत नाहीत आणि 'लेटर एस' कायम चुकतात, याचं कारण मला असं दिसतं: 'प्रश्नचिन्ह', 'उद्गारचिन्ह' हे शब्द मराठीतही त्याच क्रमाने आहेत. विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. खुणा इंग्रजीतून आल्या आणि नावं आपल्या समासाच्या साच्यात बसली. 'लेटर एस' ला असा ओळखीचा साचा नाही, म्हणून तिथे मराठी क्रम डोकावतो.

पहिल्या गटाआधी 'द' सोडायचा नाही. 'राइट लेटर एस' अपुरं, 'राइट द लेटर एस' पूर्ण. पण 'लेटर' हा शब्दच नको असेल तर 'राइट ॲन एस'. दोन्ही बरोबर; 'द' आणि 'लेटर' मात्र बरोबर येतात आणि बरोबर जातात. स्पेलिंग सांगताना ही दुसरी पद्धत लागते: 'मुंबई इज स्पेल्ट विथ अ यू', आणि १९९५ पर्यंतच्या अधिकृत इंग्रजी नावात 'ॲन ओ' होता.

फोनवर 'प्रेस द हॅश की' असं का आणि 'अ हॅश की' का नाही, हे मुलं विचारतात. कारण त्या फोनवर ती कळ एकच आहे. 'द' चा अर्थ 'तुला कळलंय कोणतं' एवढाच.

इथेच दोन छोट्या गोष्टी. आपल्याकडे बरोबर उत्तराला 'राइट मार्क' आणि चुकीच्याला 'राँग मार्क' म्हणतात. इंग्रजीत ते 'अ टिक' आणि 'अ क्रॉस'. आणि '=' ला 'इज इक्वल टू साइन' म्हणू नका. 'ॲन इक्वल्स साइन' म्हणा. अमेरिकेत 'ॲन इक्वल साइन'. 'इज इक्वल टू' हे ती खूण वाचताना म्हणायचे शब्द आहेत, तिचं नाव नव्हे.

चिन्ह की प्रतीक

'आर इज अ सिम्बॉल ऑफ रेझिस्टन्स' वाचून इंग्रज वाचकाला वाटेल की आर हे अक्षर प्रतिकाराचं, लढ्याचं प्रतीक आहे. इंग्रजीतल्या 'सिम्बॉल' मध्ये आपले दोन शब्द एकत्र झाले आहेत: चिन्ह आणि प्रतीक. वाक्य लिहिण्याआधी मराठीत स्वतःला विचारा, यातला कोणता बसतो? प्रतीक बसत असेल तर 'सिम्बॉल ऑफ', आणि बहुधा 'अ', कारण एका गोष्टीची प्रतीकं अनेक असू शकतात: 'द गेटवे ऑफ इंडिया इज अ सिम्बॉल ऑफ मुंबई.' चिन्ह किंवा संज्ञा बसत असेल तर 'द सिम्बॉल फॉर', कारण ठरवून दिलेली खूण एकच असते: 'आर इज द सिम्बॉल फॉर रेझिस्टन्स.' मूलद्रव्यांच्या बाबतीत 'सिम्बॉल ऑफ' ही पुस्तकांत आढळतो आणि तो चूक नाही. पण रेझिस्टन्ससारख्या दुहेरी अर्थाच्या शब्दापाशी 'फॉर' ठेवला की घोटाळा होत नाही.

एककाला 'युनिट ऑफ' लागतो आणि एककाच्या नावाआधी 'द': 'दी एसआय युनिट ऑफ रेझिस्टन्स इज दी ओहम', 'दी एसआय युनिट ऑफ फोर्स इज द न्यूटन'. आकडा आला की 'द' जातो, 'फाइव्ह ओहम्स'. पूर्ण नाव लिहिताना लहान अक्षराने सुरुवात करायची, जरी ते शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेलं असलं तरी. अशा एककाची खूण मात्र मोठ्या अक्षराची. आणि खुणेला अनेकवचनाचा एस लावायचा नाही, किलोग्रॅमच्या केजी लाही नाही. 'दी' बद्दल विचाराल, तर स्वरापुढे 'द' चा उच्चार 'दी' होतो. लिहायला फरक नाही, पण तोंडी परीक्षेत कानाला चांगलं लागतं.

सूत्राखालचं 'व्हेअर' चं वाक्य सगळ्यांनी जसंच्या तसं बसवून घ्यावं: 'व्हेअर व्ही इज द पोटेन्शियल डिफरन्स, आय इज द करंट अँड आर इज द रेझिस्टन्स.' तीनदा 'द', कारण त्या एकाच परिपथातल्या ठरावीक राशींबद्दल बोलणं चालू आहे. व्ही, आय, आर यांच्यापुढे काहीच नाही, आणि त्याचं कारण पुढच्या बिघाडात आहे.

'फाइंड द व्हॅल्यू ऑफ द एक्स' मधला दुसरा 'द' काढून टाका. गणितात एक्स हे त्या अज्ञात संख्येचं नाव आहे, आणि नावाला आर्टिकल लागत नाही. 'फाइंड एक्स', 'लेट एक्स बी अ नंबर', 'पॉइंट पी', 'ट्रँगल एबीसी'. स्टेशनवर घोषणा ऐकताच ना, 'प्लॅटफॉर्म नंबर फोर', त्याआधी कधी 'द' येत नाही. हे त्याच घरातलं. एक्स पुढे नाम आलं की आर्टिकल त्या नामाचं: 'दी एक्स-ॲक्सिस', 'ॲन एक्स-रे'. आणि दोन समीकरणांतल्या एक्सपैकी एक दाखवायचा असेल तर 'दी एक्स इन द सेकंड इक्वेशन' चालतं.

खूण दिसते कशी

सगळ्यात जास्त वेळ मी या भागाला देते, कारण इथे मुलं स्वतःचं वाक्य बांधतात. 'इनसाइड ए रिटन सर्कल' ही मराठी वाक्याची सावली आहे: 'आत ए लिहिलेलं वर्तुळ'. आपण आधी सगळी विशेषणं लावून शेवटी वस्तूचं नाव घेतो. इंग्रजीत लांब वर्णन असेल तर उलटं: वस्तू आधी आणि बाकी सगळं तिच्या शेपटीला. ॲमीटरची खूण म्हणजे 'अ सर्कल विथ ॲन ए इन इट'. व्होल्टमीटरची 'अ सर्कल विथ अ व्ही इन इट'. ही दोन वाक्यं जवळजवळ सारखी आहेत आणि फरक फक्त आर्टिकलात आहे, म्हणून जोडीने पाठ करावीत.

शेपटी जोडणारे शब्द थोडेच आहेत. 'विथ', 'इन' किंवा 'इनसाइड', 'थ्रू', 'पॉइंटिंग'. परळच्या हॉस्पिटलांबाहेर हॉर्न वाजवू नका अशी पाटी असते, 'अ हॉर्न विथ अ रेड लाइन थ्रू इट'. बाण डावीकडे असेल तर 'ॲन ॲरो पॉइंटिंग लेफ्ट'. 'लेफ्ट साइड ॲरो' म्हटलं तर बाण डाव्या बाजूला आहे असा अर्थ निघतो. बिस्किटाच्या पुड्यावरचा शाकाहारी शिक्का: आपण म्हणू 'चौकटीत ठिपका', इंग्रजीत आधी ठिपका, 'अ ग्रीन डॉट इनसाइड अ ग्रीन स्क्वेअर'. मांसाहारी पदार्थांवर पूर्वी तपकिरी ठिपका असे. आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण आहे, म्हणून 'अ ब्राउन ट्रँगल इनसाइड अ ब्राउन स्क्वेअर'. हा बदल मला मनापासून आवडतो. ज्याला हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे दिसत नाहीत त्यालाही आता आकारावरून कळतं. मुलांना मी म्हणते, तुमचं वर्णनही तसं असू दे, खूण न पाहिलेल्याला कागदावर काढता आली पाहिजे.

वर्णन दोन-तीन वाक्यांचं झालं की 'अ' कडून 'द' कडे जावं लागतं. विद्युत घटाची खूण घ्या: 'इट इज मेड ऑफ टू पॅरलल लाइन्स. वन इज लाँगर दॅन दी अदर. द लाँगर लाइन शोज द पॉझिटिव्ह टर्मिनल.' पहिल्या वाक्यात रेषा नव्या, म्हणून 'द' नाही. तिसऱ्या वाक्यात लांब रेषा कोणती ते वाचकाला कळलेलं आहे, म्हणून 'द'. मराठीत आपण इथे 'त्यातली लांब रेषा' म्हणतो. वाक्यात 'त्यातली' किंवा 'ती' मनात आली, की इंग्रजीत 'द'. एवढी एक खूणगाठ मारली तर पानभर वर्णनसुद्धा सांभाळता येतं.

सरावासाठी मी रुपयाची खूण देते, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची आहे आणि तिचं मुंबईशी नातं आहे. केंद्र सरकारने ती १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली, आणि ती रेखाटणारे डी. उदयकुमार तेव्हा पवईच्या आयआयटीत संशोधन करत होते. देवनागरी र आणि रोमन आर यांचा त्यात मिलाफ आहे. वर्गात सगळ्यांनी मिळून तयार केलेलं वर्णन असं झालं: 'द रुपी साइन लुक्स लाइक अ कॅपिटल आर विदाउट इट्स व्हर्टिकल स्टेम. इट हॅज टू हॉरिझॉन्टल लाइन्स. दी अपर लाइन रन्स अलाँग द टॉप, अँड द लोअर वन इज जस्ट बिलो इट. इट ऑल्सो लुक्स लाइक द देवनागरी लेटर र.' यात आतापर्यंतचं जवळजवळ सगळं येतं: साइन मागे, लेटर पुढे, 'ॲन आर' चं 'अ कॅपिटल आर', नव्या रेषा आणि मग त्याच रेषा.

त्याच दिवशी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "बाई, ₹५०० च्या नोटेला काय लावायचं? पहिली खूण रुपयाची, म्हणजे र, म्हणजे 'अ'. पण ₹८०० चा शर्ट असेल तर?" मी त्याला वाक्य मोठ्याने वाचायला लावलं. डोळ्यांपुढे खूण आधी आहे, पण तोंडातून आकडा आधी येतो: 'फाइव्ह-हंड्रेड-रुपी नोट', 'एट-हंड्रेड-रुपी शर्ट'. म्हणून 'अ ₹५०० नोट' आणि 'ॲन ₹८०० शर्ट'. रुपीला तिथे अनेकवचनाचा एस नाही, कारण तो विशेषणाचं काम करतोय. सोडियमच्या आयनचंही असंच. लिहिताना एन आणि ए ही अक्षरं दिसतात, पण वाचताना 'सोडियम' म्हणणार असाल तर 'अ', सुटी अक्षरं म्हणणार असाल तर 'ॲन'. तो म्हणाला, "मग ₹१,१०० चं?" शेजारच्या मुलीने 'वन थाउजंड' असं पुटपुटून 'अ' सांगितलं, त्याने 'इलेव्हन हंड्रेड' म्हणून 'ॲन' सांगितलं, आणि दोघंही बरोबर होते.